घरातली सफाईची रसायनं: नवख्यांसाठी सुरक्षित वापराचं मार्गदर्शन

घर पहिल्यांदाच स्वतः सांभाळायला घेतलं की सिंकखाली बघता बघता सहा-सात बाटल्या जमतात. एक फरशीची, एक संडासाची, एक काचेची, एक ब्लीचची, एक तुंबलेल्या पाइपची. प्रत्येक बाटली आपापल्या कामाला ठीक असते. घात होतो तो त्या एकमेकींत मिसळल्या की, किंवा दार-खिडक्या बंद ठेवून ओतल्या की. याशिवाय एक नुकसान अगदी सावकाश होत असतं आणि एका दिवसात दिसत नाही: वर्षानुवर्षं स्प्रे हुंगून फुप्फुसांची ताकद घटते, आणि हातांची कातडी कोरडी पडून भेगाळते. दोन्हींपासून वाचायची पद्धत इथे क्रमाने दिली आहे. घाईत सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं पाळा: एका जागी एका वेळी एकच रसायन, आणि दुसरं हातात घेण्याआधी मध्ये भरपूर पाणी.

१. सगळ्या बाटल्या बाहेर काढा आणि गट पाडा

पुढच्या बाजूचं मोठं नाव विसरा. 'लिंबू', 'नैसर्गिक', 'दुप्पट ताकद' यावरून आत काय आहे ते कळत नाही. बाटली उलटी करून मागच्या बारीक अक्षरांत घटक शोधा आणि ती खालच्यापैकी कुठे बसते ते ठरवा.

ब्लीच गट: घटकांत 'सोडियम हायपोक्लोराइट' दिसलं की ते ब्लीच. कपडे पांढरे करायचं द्रव, बुरशी घालवायचा स्प्रे, काही टॉयलेट क्लीनर आणि फ्लशच्या टाकीत टाकायच्या काही वड्या यात मोडतात. वड्यांमध्ये नाव वेगळं असतं, पण 'क्लोर' हे अक्षर सापडलं तर तिला ब्लीचच समजा.

आम्ल गट: हायड्रोक्लोरिक, सल्फामिक, फॉस्फरिक, ऑक्झॅलिक, सायट्रिक, अ‍ॅसेटिक. कमोडचे पिवळे थर, नळावरचे क्षाराचे पांढरे डाग आणि गंज काढणारी बहुतेक उत्पादनं इथली. व्हिनेगरही याच गटातलं.

अमोनिया गट: काही ग्लास क्लीनर आणि तेलकट थर काढणारी काही द्रवं.

तीव्र अल्कली गट: सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा. ड्रेन क्लीनर आणि ओव्हन क्लीनर.

क्वॅट (क्वाटर्नरी अमोनियम संयुगं) गट: 'बेंझाल्कोनियम क्लोराइड' किंवा त्यासारखं लांबलचक नाव. जंतुनाशक स्प्रे आणि पुसायचे ओले वाइप्स यांत हे सर्रास असतं. नावात अमोनियम असलं तरी हा अमोनिया नव्हे, पण यातही ब्लीच मिसळायचं नाही.

साबण गट: भांड्यांचा साबण, साधा डिटर्जंट. रोजच्या कामाचा खरा आधार हाच.

आता जाड मार्कर आणि चिकटपट्टी घ्या. ब्लीच गटातल्या प्रत्येक बाटलीवर 'ब्ली' आणि आम्ल गटातल्या प्रत्येकीवर 'आ' असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. घरातला कुणीही, लेबल न वाचणाराही, बाटली उचलताना ते अक्षर बघेल. हे करायलाच हवं, कारण टॉयलेट क्लीनर दोन्ही प्रकारचे मिळतात. एक हायड्रोक्लोरिक आम्लाचा, दुसरा घट्ट ब्लीचचा. दोन्हींच्या बाटल्यांची मान सारखीच वाकडी असते, कामही एकच लिहिलेलं असतं, आणि पहिली संपत आली की दुसरी आणली जाते. मग एके दिवशी उरलेली थोडी आणि नवी थोडी अशा दोन्ही एकाच कमोडमध्ये पडतात.

लेबलवर लाल चौकटीचा, टोकावर उभा केलेला चौकोन असेल तर तोही वाचायला शिका. हात आणि धातूवर द्रव पडून ते खातंय असं चित्र म्हणजे कातडी जाळणारं. उद्गारचिन्ह म्हणजे जळजळ करणारं. माणसाच्या छातीवर तारा म्हणजे दमा किंवा दीर्घकाळचा आजार ओढवू शकणारं. ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. चौकोनाशेजारी 'धोका' आणि 'सावधान' या अर्थाचे दोन शब्द वापरतात. त्यातला 'धोका' जास्त कडक.

२. हाताशी ठेवायचं साहित्य

- रबरी किंवा नायट्राइलचे, मनगटाच्या बरेच वर येणारे हातमोजे. बाथरूमचे वेगळे, स्वयंपाकघराचे वेगळे.
- बाजूनेही बंद असलेला चश्मा. नेहमीच्या चश्म्याच्या वरून-खालून शिंतोडे आत जातात.
- मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, फक्त याच कामासाठी.
- रंग ओळखू येईल अशा दोन बादल्या: एक रसायनाची, एक साध्या पाण्याची.
- लांब दांड्याचा ब्रश, पायात बंद चप्पल किंवा बूट.
- प्रत्येक तीव्र उत्पादनाचं 'सुरक्षा माहितीपत्रक'. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. त्यात १६ भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-चश्म्याची माहिती आणि दहाव्यात कशाशी मिसळू नये ते दिलेलं असतं.
- तुमच्या भागातल्या विषबाधा माहिती केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर, कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

मास्कबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. कापडी, सर्जिकल किंवा एन-९५ मास्क क्लोरीन, अमोनिया किंवा आम्लाच्या वाफा अडवत नाही. एन-९५ धूळ आणि थेंब अडवतो, वायू त्यातून सरळ आत येतो. मास्क लावला म्हणून बंद बाथरूममध्ये जास्त वेळ थांबणं हे मास्क न लावण्यापेक्षा वाईट. वायूपासून वाचवणारी गोष्ट एकच, मोकळी हवा.

३. काय कशात मिसळायचं नाही

ब्लीच आणि आम्ल. यातून क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचची बाटली स्थिर राहते ती तिच्यातल्या अल्कलीमुळे. आम्ल पडलं की तो आधार जातो आणि क्लोरीन मोकळा होतो. काही सेकंदांत डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, ठसका लागतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. कमोडवर वाकलेल्या किंवा फरशीवर उकिडवं बसून घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं. रांगणारं मूल आणि पाळीव प्राणीही त्याच उंचीवर. अमेरिकेची नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था हवेतल्या दशलक्ष भागांत १० भाग क्लोरीन हे प्रमाण जीव धोक्यात घालणारं मानते. लहान बाथरूममध्ये तिथवर पोचायला फार द्रव लागत नाही.

ब्लीच आणि अमोनिया. यातून क्लोरामाइन वायू निघतात. त्यांनीही श्वासनलिका जळते. इथली फसगत अशी की अमोनिया नेहमी बाटलीतूनच येतो असं नाही. साचलेल्या लघवीत तो असतो. लहान मुलाचं पॉटी, मांजराच्या शी-शूचा ट्रे, न धुतलेलं युरिनल यांवर थेट ब्लीच ओतलं की तोच प्रकार होतो. आधी साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, पाणी पूर्ण वाहून जाऊ द्या, मग हवंच असेल तर ब्लीच.

ब्लीच आणि स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर. यातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं बनू शकतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत. पेरअ‍ॅसेटिक आम्ल तयार होतं. ते डोळ्यांना, नाकाला आणि फुप्फुसांना झोंबतं.

दोन वेगवेगळे ड्रेन क्लीनर. एक कॉस्टिकचा आणि दुसरा सल्फ्यूरिक आम्लाचा असेल तर उष्णता इतकी वाढते की द्रव उसळून तोंडावर येतो.

व्हिनेगर आणि बेकिंग सोडा हे मिश्रण धोक्याचं नाही, पण उपयोगाचंही नाही. दोघं एकमेकांना संपवतात, फेस येतो, आणि मागे किंचित खारट पाणी उरतं. फक्त ते झाकण लावलेल्या बाटलीत करू नका. आतल्या वायूने बाटली फुटते.

आता सगळ्यात जास्त चकवणारा प्रसंग. कमोडच्या टाकीत क्लोरीनची वडी टाकलेली असते आणि ती कुणाला आठवतही नाही. कमोडमधलं पाणी स्वच्छ दिसतं. त्यात आम्लाचा टॉयलेट क्लीनर ओतला की वायू सुटतो, आणि ओतणाऱ्याला वाटतं हा नव्या क्लीनरचाच उग्र वास. म्हणून आम्ल वापरायच्या दिवशी आधी टाकीचं झाकण उघडून बघा. वडी असेल तर हातमोजा घालून काढा आणि तीन-चार वेळा फ्लश करा. याच्या उलटही खरं आहे. आम्ल टाकून रात्रभर ठेवलं आणि सकाळी दुसऱ्या कुणी ब्लीच ओतलं, तर परिणाम तोच. आम्ल टाकून ठेवलं असेल तर कमोडचं झाकण लावून त्यावर कागद चिकटवा.

४. ब्लीच मोजून आणि थंड पाण्यातच

अंदाजाने ओतलेलं ब्लीच जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जास्त होतं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचा टक्का लिहिलेला असतो. बाजारात साधारण ३ ते ६ टक्क्यांचं मिळतं, काही याहून तीव्र. बाटलीवर पातळ करायचं माप दिलं असेल तर तेच पाळा. नसेल तर हा हिशोब: बाटलीवरचा टक्का भागिले हवा तो टक्का, त्यातून १ वजा. आलेला आकडा म्हणजे ब्लीचच्या एका भागाला पाण्याचे भाग.

घरातली फरशी, दाराचे मुठे, बेसिन यांना ०.१ टक्के पुरतं. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा १ म्हणजे ४९. एका लिटर द्रावणासाठी २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्के लागतं, म्हणजे १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. यापेक्षा तीव्र करून जंतू जास्त मरत नाहीत, वास आणि जळजळ मात्र वाढते.

क्रम असा ठेवा. आधी बादलीत पाणी घ्या, मग ब्लीच घाला, म्हणजे तीव्र द्रव उडत नाही. पाणी थंड असू द्या. गरम पाण्यात ब्लीच लवकर फुकट जातं आणि वाफा जास्त येतात. जागा आधी साबणाने धुवून घ्या, कारण मळ, चिकटा आणि रक्त ब्लीचला निकामी करतात. ब्लीच न धुतलेल्या जागेवर ओतून काम झालं असं समजणं ही नवख्यांची फार मोठी चूक. फडक्याने लावल्यावर बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओली राहिली पाहिजे. लगेच पुसलं तर जंतू तसेच राहतात. वेळ झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्या.

बनवलेलं द्रावण २४ तासांत वापरून टाका. मूळ बाटलीसुद्धा ऊन आणि उष्णतेने कमजोर होते, म्हणून वर्षभर जुनं ब्लीच कपाटात जपून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि रोज ब्लीच लागतच नाही. निरोगी माणसांच्या घरात फरशी आणि ओटा साबण-पाण्याने पुसला तरी पुरतं. कुणाला उलट्या-जुलाब झाले, रक्त सांडलं, कच्चं मांस हाताळलं, तर जंतुनाशकाला जागा आहे. बाकी दिवस ते फुप्फुसांवर विनाकारण ओझं.

५. हवा कशी खेळती ठेवायची

काम सुरू करायच्या आधीच दार आणि खिडकी उघडा. वास आल्यावर उघडणं म्हणजे उशीर. समोरासमोरची दोन तोंडं उघडी असतील तर हवा आरपार जाते. एकच खिडकी असेल तर तिच्यात पंखा बाहेरच्या दिशेने लावा. एक्झॉस्ट पंखा असेल तर काम संपल्यावरही अर्धा तास चालू ठेवा. पण तो वरच्या बाजूला बसवलेला असतो, आणि जड वायू खाली साचतो, म्हणून दाराची खालची फट मोकळी ठेवा. तिथे पायपुसणं अडकवू नका.

कमोडमध्ये क्लीनर टाकून बाहेर या. त्याला काम करायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात, ती तुम्ही आत उभं राहून घालवायची गरज नाही. घासताना झाकण अर्धवट ओढून लांब ब्रशने घासा, चेहरा मागे ठेवा.

बाथरूमला खिडकीच नसेल तर तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरूच नका. सायट्रिक आम्लाची पावडर क्षारांवर हळू पण चांगली चालते, आणि तिच्या झोंबणाऱ्या वाफा येत नाहीत. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून डागावर ओलं फडकं अर्धा तास ठेवा. संगमरवर आणि सिमेंटच्या सांध्यांवर मात्र कुठलंच आम्ल नको. तिथे फसफस होताना दिसते ती मळाची नसते, दगड विरघळत असतो.

६. स्प्रेचं दीर्घकाळचं नुकसान

दिसायला स्प्रे सौम्य वाटतो. पण द्रवाचे बारीक थेंब बनले की ते हवेत तरंगतात, आणि १० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब नाक-घशात न अडकता छातीत खोल जातात. तेच द्रव फडक्यावर घेतलं तर छातीत जायला वाटच मिळत नाही.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. युरोपातल्या ६,२३५ लोकांच्या फुप्फुसांच्या चाचण्या २० वर्षांच्या काळात झाल्या होत्या. घरात सफाई करणाऱ्या स्त्रियांमध्ये, आणि सफाईची नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्येही, फुप्फुसांची क्षमता सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने घटलेली दिसली. कॅनडात २०२० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, बाळाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत घरात सफाईची उत्पादनं जास्त वापरली गेली होती, तिथे तिसऱ्या वर्षी दम्याचं प्रमाण जास्त निघालं. असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येक घरात कारण तेच असं सिद्ध करत नाहीत. तरीही तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरातून स्प्रे काढून टाकायला एवढं पुरेसं आहे असं मी मानतो.

काय करायचं ते सोपं आहे. स्प्रेची बाटली असलीच तर नोझल 'धार' या बाजूला फिरवा, 'तुषार' नको, आणि भिंतीवर न मारता थेट फडक्यावर मारा. डोक्याच्या वरच्या जागेवर कधीच फवारू नका, सगळं तोंडावर येतं.

सुवासिक क्लीनरचाही एक पदर आहे. लिंबाचा किंवा पाइनचा वास देणारी टर्पीन नावाची द्रव्यं हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. बाहेर ओझोन वाढलेला असतो त्या कडक उन्हाच्या दुपारी हे जास्त होतं. वासाशिवायचं उत्पादन मिळत असेल तर तेच घ्या. स्वच्छतेला वास नसतो.

७. ड्रेन क्लीनर आणि गंज काढणारी द्रवं

या दोन बाटल्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त भ्या.

कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की प्रचंड तापतो. पाइपमध्ये गरम पाणी असेल तर उकळी फुटून द्रव वर उडतं. म्हणून चश्मा आणि हातमोजे घालून, थंड पाण्यात, बाटलीवर दिलेल्या मापाने, तोंड बाजूला ठेवून ओता. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं किंवा चमचा वापरू नका, त्याच्याशी क्रिया होऊन हायड्रोजन हा पेटणारा वायू सुटतो. ओतूनही पाइप मोकळा झाला नाही तर रबरी पंप मारायला जाऊ नका. एका दाबासरशी ते सगळं डोळ्यात येतं. प्लंबरला बोलवा आणि आत काय ओतलं आहे ते तो हात घालायच्या आधी सांगा. माझं मत विचाराल तर क्रम उलटा ठेवा: आधी केस काढायची प्लास्टिकची पट्टी, मग पंप, मग सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाइपचा वाकडा भाग, उघडून साफ करणं. रसायनाची पाळी सहसा येतच नाही.

गंजाचे डाग आणि गाडीच्या चाकांचे डाग काढणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. हे लागल्यावर लगेच दुखतही नाही, कधी कधी वेदना काही तासांनी सुरू होतात, आणि तोवर ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. घटकांत 'फ्लोरिक' किंवा 'बायफ्लोराइड' दिसलं तर ती बाटली घरात आणूच नका. लागलंच तर पाण्याने धुऊन, वेदना नसल्या तरी, लगेच रुग्णालयात जा आणि नाव सांगा. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा विशिष्ट उपचार असतो.

८. हात जपणं

ब्लीच किंवा कॉस्टिक बोटांना लागलं की बोटं बुळबुळीत लागतात. ते द्रवाचं घट्टपण नव्हे, कातडीवरच्या चरबीचा साबण होत असतो. तो बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली हात धरा.

हातमोजे घालायच्या आधी त्यांत फुंकर मारून तोंड पिळा. हवा निसटली तर भोक आहे. भोक असलेला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण द्रव आत अडकून कातडीवर तसंच राहतं. मनगटाची कड बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे हात वर केल्यावर ओघळ कोपरापर्यंत न येता घडीत अडकतो. सलग वीस-पंचवीस मिनिटांनी काढून हात कोरडे करा. आत घाम साचला की त्यानेही कातडी भिजून फुटते. काढण्याआधी हातमोजे बाहेरून धुवा. काम संपल्यावर हात सौम्य साबणाने धुऊन वास नसलेलं जाडसर मलम लावा.

बोटांच्या मधे लाली, खाज, बारीक फोड आले आणि सुट्टीत बरं वाटून पुन्हा सुरू झालं, तर तो कामाशी जोडलेला त्वचारोग असू शकतो. मलमांचे प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना वापरलेल्या उत्पादनांची यादी दाखवा.

९. साठवण

ब्लीच गट आणि आम्ल गट वेगळ्या कपाटांत ठेवा, निदान वेगवेगळ्या ट्रेमध्ये, म्हणजे दोन्ही गळल्या तरी एकत्र येणार नाहीत. डोळ्यांच्या उंचीच्या वर काहीच ठेवू नका. मूल असेल तर कुलूप लावा. वरच्या फळीचा भरवसा धरू नका, मुलं चढतात.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रसायन भरणं, 'थोडंच आहे, लगेच संपवू' म्हणूनसुद्धा, पूर्ण बंद. अन्ननलिका जाळून घेतलेली मुलं अनेकदा अशाच बाटलीतून प्यायलेली असतात. धुलाईच्या मऊ रंगीत कॅप्सूल मुलांना गोळीसारख्या दिसतात. चावली की तीव्र द्रव दाबाने घशात आणि डोळ्यात उडतं. पाच वर्षांखालचं मूल घरात असेतो साधी पावडर वापरा.

मांजर असेल तर फिनॉल असलेली फरशीची द्रवं टाळा. मांजरांच्या यकृताला ती नीट निकामी करता येत नाहीत, आणि फरशीवरून पंजांना लागलेलं ते चाटून पोटात घेतात. कपड्यांतल्या नॅफ्थलीनच्या गोळ्याही मुलांपासून लांब ठेवा. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. अशा गोळ्यांत ठेवलेलं पांघरूण न धुता, उन्हात न घालता बाळाला गुंडाळू नका.

१०. अपघात झाला तर

वायू सुटला: श्वास रोखून आधी बाहेर पडा, बाकीच्यांना बाहेर काढा, जाता जाता दार उघडं टाका. बाटली उचलायला, फ्लश करायला, फरशी पुसायला परत आत जाऊ नका. मोकळ्या हवेत बसा, घट्ट कपडे सैल करा. धाप, घरघर, छातीत आवळल्यासारखं होणं, ओठ निळसर पडणं यांपैकी काही दिसलं तर रुग्णवाहिका बोलवा. बरं वाटलं तरी तो दिवस एकटं राहू नका. क्लोरीननंतर फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात, म्हणून रात्री खोकला वाढला, आडवं झाल्यावर दम लागला, तर सकाळची वाट बघू नका.

डोळ्यात गेलं: लगेच नळाखाली. डोकं असं कलवा की दुखावलेला डोळा खालच्या बाजूला राहील आणि पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी फाकवून किमान २० मिनिटं, घड्याळ लावून, सौम्य धारेने धुवा. लेन्स असेल तर धुता धुता काढा. कॉस्टिक, ओव्हन क्लीनर किंवा ब्लीच असेल तर रुग्णालयात जातानाही बाटलीतल्या पाण्याने धुणं चालू ठेवा. अल्कली आम्लापेक्षा खोल जातं आणि आत जातच राहतं, त्यामुळे सुरुवातीला कमी दुखलं म्हणून इजा लहान आहे असं नसतं.

कातडीवर सांडलं: भिजलेले कपडे, अंगठी, घड्याळ काढा आणि १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. पावडर असेल तर आधी कोरड्या कापडाने झटका, मग पाणी. आम्ल पडलं म्हणून सोडा चोळणं, कॉस्टिक पडलं म्हणून व्हिनेगर ओतणं, असं काही करू नका. त्या क्रियेची उष्णता जखम वाढवते आणि पाण्याखाली जायला उशीर होतो.

गिळलं: उलटी मुद्दाम करवू नका. जाताना जाळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते, आणि फेस श्वासनलिकेत गेला तर जीवावर बेततं. तोंड धुवा, चूळ भरून थुंकायला लावा. माणूस पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळताना त्रास नसेल तर पाण्याचे एक-दोन घोट, त्याहून जास्त नाही. मिठाचं पाणी, लिंबू, तेल काहीही नको. विषबाधा केंद्राला किंवा रुग्णवाहिकेला फोन करा आणि ते सांगतील तसं वागा. ओठांवर काहीच खूण नाही म्हणून घरी थांबू नका, आतली इजा बाहेरून दिसत नाही.

११. रुग्णालयात जाताना सोबत काय न्यायचं

- मूळ बाटली, लेबलसकट. दोन मिसळल्या असतील तर दोन्ही, झाकणं घट्ट लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत.
- किती गेलं याचा अंदाज: बाटली आधी किती भरलेली होती आणि आता किती आहे.
- किती वाजता घडलं, खोली केवढी होती, किती वेळ आत होता.
- धुवायला कधी सुरुवात केली आणि किती मिनिटं धुतलं.
- दमा, हृदयविकार, गर्भारपण, चालू औषधं.

वायूच्या एकाच मोठ्या प्रसंगानंतर काही जणांना, आधी दमा नसतानाही, २४ तासांच्या आत दम्यासारखा त्रास सुरू होतो आणि तो काही महिने राहू शकतो. महिनाभरानंतरही जिने चढताना घरघर किंवा धूर-सुगंधाने ठसका येत असेल तर छातीरोगतज्ज्ञांकडे जाऊन स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची चाचणी, करून घ्या, आणि त्या दिवशी नेमकं काय कशात मिसळलं होतं ते आधीच कागदावर लिहून न्या.